वर्डपॅड परत द्या : मायक्रोसॉफ्टच्या विंडोज विभागास खुले पत्र

प्रति,
विंडोज विभागाचे प्रमुख आणि त्यांचे सहकारी,
मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन, रेडमंड, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका

विषय : विंडोजमधून वर्डपॅड काढून टाकण्याच्या निर्णयाबाबत

महोदय, महोदया,

१ सप्टेंबर २०२३ रोजी आपल्या कंपनीने, विंडोजमधून पुढेमागे वगळल्या जाणाऱ्या गोष्टींच्या यादीत वर्डपॅडचे, म्हणजे विंडोजसोबतच मिळणाऱ्या साध्या लेखन-प्रोग्रामचे, नाव घातले. सूचना दोन-तीन ओळींची होती. वर्डपॅडमध्ये आता सुधारणा होत नाहीत, पुढच्या एखाद्या आवृत्तीतून ते काढले जाईल, सजवलेल्या मजकुरासाठी वर्ड आणि साध्या मजकुरासाठी नोटपॅड वापरावे, एवढेच तिच्यात म्हटले होते. वर्षभराने, ऑक्टोबर २०२४मध्ये, विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती सर्वांसाठी आली आणि वर्डपॅड गेले. हे पत्र आपल्याला उशिराचे वाटेल. पण आमच्यासारखी बरीच मंडळी तेव्हा विंडोज १०वर होती आणि तिथे वर्डपॅड शाबूत होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आपण विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबवली, त्यामुळे एकेक संगणक ११वर जाऊ लागला, आणि आपल्या त्या दोन-तीन ओळींचा अर्थ लोकांना आता कळू लागला आहे.

माझा या प्रश्नाशी संबंध काय, ते आधी सांगते. मी तालुक्याच्या गावी, कचेरीच्या आवाराबाहेर, मराठी टंकलेखनाचे काम करते. वारस नोंदीचे अर्ज, हरकतीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, सोसायट्यांची इतिवृत्ते, पतसंस्थांच्या नोटिसा असा कागद माझ्या हातून जातो. यातला बहुतेक कागद एका पानाचा, फार तर दोन पानांचा असतो. त्याचे शीर्षक ठळक आणि मधोमध लागते, ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या ओळी थोड्या आत घ्याव्या लागतात, शेवटी डावीकडे ‘ठिकाण’ आणि ‘दिनांक’ व त्याच ओळीत उजवीकडे ‘अर्जदाराची सही’ यावी लागते, आणि मुद्रांकाचा कागद असेल तर वरचा छापील भाग सोडून मजकूर सुरू करावा लागतो. वर्डपॅडमध्ये हे सगळे होत असे. वरच्या पट्टीवर टॅबची खूण एकदा केली की सहीची जागा प्रत्येक अर्जात तिथल्या तिथे राही; पानाचा वरचा समास वाढवला की मुद्रांकाचे काम भागे. त्यासाठी खाते लागत नसे, इंटरनेट लागत नसे, वर्गणी लागत नसे.

माझ्या स्वतःच्या संगणकावर मी दुसरी व्यवस्था करून घेतली आहे, तेव्हा हे गाऱ्हाणे माझ्या सोयीपुरते नाही. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येते, टाइप केलेला मजकूर घरी नेते, घरच्या लॅपटॉपवर एखादे नाव, एखादा गट क्रमांक दुरुस्त करते आणि छापायला परत आणते. त्याच्या लॅपटॉपवर काय बसवले आहे हे मला ठाऊक नसते आणि बहुतेकदा त्यालाही नसते. म्हणून मी फाइल आरटीएफमध्ये, म्हणजे सजवलेला मजकूर साठवण्याच्या एका जुन्या मांडणीत, देत असे आणि ‘विंडोज आहे ना, मग उघडेल’ असे सांगत असे. या एका वाक्यावर माझ्यासारख्या कितीतरी जणांचा व्यवहार चालला होता. आज ते वाक्य खोटे ठरले आहे, आणि माझ्या साऱ्या तक्रारीचा गाभा तोच आहे.

आपल्याच इतिहासाची थोडी आठवण देणे इथे आवश्यक वाटते. १९८५मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती निघाली तेव्हाच तिच्यासोबत ‘राइट’ नावाचा एक साधा लेखन-प्रोग्राम होता. १९९५मध्ये विंडोज ९५ आले आणि राइटची जागा वर्डपॅडने घेतली. जुन्या वापरकर्त्यांची अडचण होऊ नये म्हणून आपण राइटचे नावही जपले होते : ‘रन’च्या चौकटीत ते जुने नाव टाइप केले की वर्डपॅड उघडत असे, आणि हा शिष्टाचार वर्डपॅड जाईपर्यंत टिकला. विंडोज ७मध्ये, म्हणजे २००९ साली, आपण वर्डपॅडला नवी रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, दिली आणि वर्डच्या डॉक्सएक्स व लिब्रेऑफिससारख्या प्रोग्रामांच्या ओडीटी फाइलही त्यात उघडू लागल्या. म्हणजे विंडोजच्या जन्मापासून जवळजवळ चाळीस वर्षे, विंडोज विकत घेणाऱ्याला वेगळे काही न घेता एखादे नीट मांडलेले पान लिहिता येत होते. ही सोय कोणी मागितली म्हणून नंतर जोडलेली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून त्या किमतीत धरलेली होती.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार कारणाबद्दल आहे. आपल्या सूचनेत कारण दिलेलेच नाही. ‘आता सुधारणा होत नाहीत’ हे वाक्य कारणासारखे दिसते, पण सुधारणा थांबवण्याचा निर्णयही आपलाच होता. आपल्याच एका निर्णयाचा दाखला देऊन दुसरा निर्णय योग्य ठरत नाही. शिवाय काही वस्तू पूर्ण झालेल्या असतात. गावच्या विहिरीचे पाणी गोड आहे, रोज पोहऱ्यावर पोहरा भरला जातो आहे, पण गेल्या दहा वर्षांत तिच्यावर नवे बांधकाम झाले नाही, म्हणून ती बुजवावी, असे कोणी ग्रामसभेत म्हणाले तर लोक त्याच्याकडे पाहत राहतील. वर्डपॅडला कोणीही नवी सोय मागत नव्हते. त्यात शब्दलेखन तपासणी नव्हती, तळटीपा नव्हत्या, पानांच्या माथ्यावरचे मजकूर नव्हते, आणि ज्यांना ते हवे होते ते केव्हाच दुसरीकडे गेले होते. राहिलेल्यांना ते जसे होते तसेच हवे होते.

दुसरी तक्रार, आपण सुचवलेल्या पर्यायांबद्दल. वर्ड हा वर्डपॅडचा पर्याय नाही. ती वेगळ्याने विकत घ्यायची वस्तू आहे. तिची एकरकमी किंमत किंवा वर्षाची वर्गणी हजारांच्या घरात जाते, आणि वर्षातून चार अर्ज लिहिणाऱ्या शेतकऱ्याने, अंगणवाडी सेविकेने किंवा निवृत्त शिक्षकाने ती भरावी ही अपेक्षा सूचना लिहिणाऱ्यालाही पटली असेल असे वाटत नाही. ब्राउझरमध्ये चालणारे वर्ड फुकट आहे हे मान्य, पण त्याला आपले खाते लागते आणि जोडणी लागते. आमच्याकडे पावसाळ्यात लाइन जाते, मोबाइलचा टॉवर मान टाकतो, आणि कचेरीतली मुदत मात्र त्याच दिवशी संपत असते. शिवाय एखाद्याचे प्रतिज्ञापत्र, ज्यात त्याच्या घरातली भांडणे आणि जमिनीचे तपशील आहेत, ते त्याच्या स्वतःच्या संगणकाबाहेर न जाता लिहिले जावे, ही इच्छाही काही जगावेगळी नाही.

जाता जाता एक नोंद करते. आपल्या सूचनेत ‘डॉक आणि आरटीएफसारख्या फाइलींसाठी’ वर्ड वापरा असे म्हटले आहे. वर्डच्या जुन्या डॉक फाइली उघडण्याची वर्डपॅडची सोय आपण विंडोज व्हिस्टाच्या वेळीच काढून टाकली होती. ज्या वस्तूला निरोप द्यायचा ती काय करते, एवढे तरी सूचना लिहिण्यापूर्वी एकदा उघडून पाहायला हरकत नव्हती.

नोटपॅडबद्दल म्हणाल तर २०२५मध्ये आपण त्याला ठळक अक्षरे, तिरपी अक्षरे, शीर्षके आणि याद्या यांची सोय दिली. ती चांगली आहे आणि ती कोणी मागत असल्यास त्याला जरूर मिळावी. पण हे नोटपॅड आपली सजावट मार्कडाउन या, मजकुरातच साधी चिन्हे घालण्याच्या, पद्धतीने साठवते, त्यात दोन ओळींना दोन वेगळे फॉन्ट देता येत नाहीत, आणि आरटीएफ फाइल त्याला वाचता येत नाही. मजा अशी की साध्या मजकुरासाठी साधे असलेले नोटपॅड आपण जड करत चालला आहात, मजकूर पुन्हा लिहून देणारी कृत्रिम बुद्धी त्यात घातली आहे, त्या सोयीसाठी खात्यात शिरायला सांगता आहात, आणि जे काम त्याच्या शेजारी बसलेला प्रोग्राम निमूटपणे करत होता तो मात्र उचलून बाहेर ठेवला आहे. लोकांना नोटपॅड साधे हवे होते आणि वर्डपॅड त्याच्याहून थोडे अधिक हवे होते. दोन्ही होते, तेव्हा दोन्ही ठीक होते.

तिसऱ्या तक्रारीवर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण ती आपल्या कार्यालयातून दिसत नसावी.

आरटीएफ ही मांडणी आपल्याच कंपनीने १९८७च्या सुमारास तयार केली. वेगवेगळ्या प्रोग्रामांना एकमेकांचा सजवलेला मजकूर वाचता यावा हाच तिचा हेतू होता, आणि तिचे शेवटचे तपशील आपण २००८मध्ये प्रसिद्ध केले. मराठीत तिचा उपयोग फार झाला, आणि त्याला कारण होते. विंडोज ९५ आणि ९८मध्ये युनिकोड देवनागरी, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली देवनागरी, नव्हती. ती विंडोज २०००पासून मंगल फॉन्टसह आली, आणि विंडोज एक्सपीमध्येसुद्धा प्रादेशिक भाषांच्या चौकटीत जाऊन एक खूण करावी लागे, मग मूळ सीडी घालावी लागे, तेव्हा कुठे जोडाक्षरे धड दिसत. तोवर, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, मराठी टंकलेखन चालले ते पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमवर, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर, कृतीदेववर, शिवाजीवर आणि तशाच इतर फॉन्टांवर. या फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला असतो. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांचा, कंसांचा आणि विरामचिन्हांचाच असतो. तो मराठी आहे हे फक्त फॉन्टच्या नावावरून कळते.

आरटीएफ फाइलीच्या सुरुवातीला फॉन्टांची यादी असते, प्रत्येकाला एक क्रमांक असतो, आणि मजकुराच्या प्रत्येक तुकड्याआधी तो कोणत्या क्रमांकाच्या फॉन्टमध्ये आहे हे लिहिलेले असते. त्यामुळे एकाच ओळीत मराठी वाक्य, मध्येच इंग्रजीत एखाद्या औषधाचे किंवा कंपनीचे नाव आणि पुन्हा मराठी, असे सगळे आपापल्या जागी नीट दिसते. ही यादी नाहीशी झाली की मजकूर संपलाच. साध्या मजकुराच्या प्रोग्रामात सबंध पानाला एकच फॉन्ट असतो : कृतीदेव निवडावा तर मराठी दिसते आणि इंग्रजी नावांची वाट लागते, एरियल निवडावा तर इंग्रजी नावे वाचता येतात आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे रूपांतरक आहेत, पण त्यांनाही कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमधला हे आधी कळावे लागते. थोडक्यात, फाइल आधी तिच्या मूळ रूपात उघडायला हवी, आणि ते काम वर्डपॅड करत होते.

युनिकोडमध्ये लिहिलेल्या नव्या आरटीएफची तरी गत बरी आहे का? ‘मराठी’ हा शब्द वर्डपॅडमध्ये लिहून ठेवा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पाच अक्षरचिन्हांच्या जागी पाच आकडे दिसतात : २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. प्रत्येक आकड्याच्या आधी उलटी तिरपी रेघ आणि एक रोमन अक्षर, आणि नंतर प्रश्नचिन्ह. इंग्रजीत लिहिलेली आरटीएफ फाइल अशी उघडली तर खुणांच्या गर्दीतून निदान शब्द ओळखू येतात आणि माणूस चिकाटीने मजकूर काढून घेऊ शकतो. मराठी माणसाला आकड्यांतून आपले आजोबा शोधून काढता येत नाहीत. त्यामुळे निर्णय सर्वांसाठी सारखाच असला तरी त्याचा भार सारखा पडलेला नाही, आणि हे आम्हा मराठी लोकांपुरते नाही. ज्या ज्या भाषेची लिपी रोमन नाही त्या सर्वांना ते लागू आहे.

अशा फाइली कोणाकडे आहेत, असे आपण विचाराल. संस्थांकडे जुनी इतिवृत्ते आहेत, शाळांकडे सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांचे लेख आहेत, घराघरांत कोणी हौसेने टाइप करून ठेवलेल्या वंशावळी आणि आठवणी आहेत, लेखकांकडे दिवाळी अंकांना पाठवलेल्या कथांच्या प्रती आहेत. पाठवणाऱ्याकडे वर्डची एक आवृत्ती आणि घेणाऱ्याकडे दुसरी, किंवा वर्डच नाही, अशा काळात हा मजकूर आरटीएफमधूनच इकडून तिकडे गेला. तो लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण आता नाहीत. त्यांच्या मुलांनी ती फाइल नव्या लॅपटॉपवर दोनदा टिचकवली तर विंडोज त्यांना विचारते की ही कशाने उघडायची. हा प्रश्न विंडोजने स्वतःच्या कंपनीने तयार केलेल्या मांडणीबद्दल विचारावा, यात काही चुकते आहे असे आपल्याला वाटत नाही का? ॲपलच्या संगणकावर टेक्स्टएडिट नावाचा प्रोग्राम मुळातच असतो आणि तो आपली आरटीएफ फाइल विनातक्रार उघडतो. आपली मांडणी प्रतिस्पर्ध्याच्या घरी सुखरूप आहे आणि आपल्याच घरी तिला जागा नाही.

चौथी तक्रार पद्धतीबद्दल आहे. वर्डपॅड जाणार ही सूचना तंत्रज्ञांसाठी असलेल्या कागदपत्रांच्या एका पानावर इंग्रजीत लागली. ज्यांना आपण एरवी हवामान, बातम्या आणि आपल्या इतर सेवांच्या जाहिराती पडद्याच्या कोपऱ्यात दाखवू शकता, त्यांना ‘तुम्ही वापरता तो प्रोग्राम पुढच्या अपडेटनंतर राहणार नाही, तुमच्या फाइलींची सोय करा’ एवढे मात्र त्यांच्या भाषेत सांगितले गेले नाही. अपडेट झाली आणि प्रोग्राम गेला. हे वेगळ्या रीतीने करता आले असते, आणि ती रीत आपल्याकडे तयारही होती : २०२०च्या मे महिन्यातील विंडोज १०च्या आवृत्तीत आपण वर्डपॅडला ‘ऑप्शनल फीचर्स’च्या यादीत टाकले होते. ज्याला नको त्याने काढावे, ज्याला हवे त्याने ठेवावे. त्याहून रास्त व्यवस्था कोणती? पण ती पुढे चालवण्याऐवजी यादीतले नावच खोडले गेले.

याचा एक दुष्परिणाम आत्ताच दिसतो आहे. लोक जुन्या संगणकावरून वर्डपॅडच्या फाइली उचलून नव्यावर टाकतात, आणि ज्यांच्याकडे जुना संगणक नाही ते कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावरून ‘वर्डपॅड डाउनलोड’ म्हणून जे मिळेल ते घेतात. त्या डाउनलोडमध्ये आणखी काय बांधून येते हे आपल्या सुरक्षा विभागाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

आपल्या बाजूने जे म्हणता येईल तेही पाहू. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आपण वर्डपॅडमधील एक त्रुटी दुरुस्त केली, तिचा प्रत्यक्ष गैरवापर होत होता, आणि जुना कोड म्हणजे जुनी भोके हे कोणालाही पटेल. परंतु आरटीएफ वाचणारा मूळ घटक विंडोजमध्ये आजही आहे, इतर प्रोग्राम तो वापरतात आणि तो सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर आहेच. तेव्हा वर्डपॅड काढून ती जबाबदारी संपली असे झालेले नाही. वापरणारे थोडे होते, हेही कोणी म्हणेल. त्यांची संख्या आपण कधी सांगितलेली नाही, त्यामुळे तो मुद्दा मला तपासता येत नाही आणि आपल्यालाही तो नुसता गृहीत धरू देता येत नाही. राहिला लिब्रेऑफिसचा मुद्दा. ते फुकट आहे, उत्तम आहे, मराठीतूनही वापरता येते, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सुचवते. पण ज्याला मुळात एक पान लिहायचे आहे त्याने काहीशे मेगाबाइटचा सगळा संसार उतरवून घ्यावा, आणि सरकारी किंवा शाळेच्या संगणकावर, जिथे नवे काही बसवायला परवानगी लागते, तिथे त्यासाठी अर्ज करावा (तो अर्ज कशात लिहायचा, हा प्रश्न वेगळाच), ही तोड विंडोज विकणाऱ्याने सुचवावी अशी नाही.

आपण लोकांचे ऐकत नाही, असेही मी म्हणणार नाही. जुलै २०१७मध्ये पेंटचे नाव अशाच एका यादीत आले होते. जगभरातून ओरड झाली आणि आपण लगोलग जाहीर केले की पेंट कुठेही जात नाही. पुढे २०१९मध्ये ते विंडोज १०मध्येच राहील असे सांगितलेत, आणि २०२३च्या सप्टेंबरमध्ये, ज्या महिन्यात वर्डपॅडला नोटीस दिली त्याच महिन्यात, पेंटमध्ये थरांची आणि पारदर्शक पार्श्वभूमीची सोय आणलीत. पेंटसाठी ओरडणारे बहुतेक जण बोलके, तरुण आणि इंग्रजी लिहिणारे होते. वर्डपॅड वापरणारे कचेरीच्या ओट्यावर बसलेले होते. त्यांची ओरड आपल्यापर्यंत पोचली नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. वर्डपॅड विंडोज ११च्या ‘ऑप्शनल फीचर्स’ यादीत परत आणावे. ते मुळात बसवलेले नसले तरी चालेल. मागणाऱ्याला ते आपल्याकडूनच, पैसे आणि खाते न मागता मिळाले पाहिजे.

२. ते शक्य नसेल तर त्याचा मूळ कोड खुला करावा. आपण २०१८मध्ये जुन्या फाइल मॅनेजरचा आणि २०१९मध्ये कॅल्क्युलेटरचा कोड खुला केला आहे. वर्डपॅडच्या कोडचा नमुना तर आपण एके काळी प्रोग्रामरांना शिकण्यासाठी व्हिज्युअल सी++सोबत देतच होता. त्याची निगा राखायला माणसे पुढे येतील, आणि अनोळखी संकेतस्थळांचा धंदाही बसेल.

३. यापैकी काहीही होवो न होवो, आरटीएफ, डॉक्सएक्स आणि ओडीटी फाइल निदान वाचता आणि छापता येईल असा एक घटक प्रत्येक विंडोजमध्ये असावा. तो आरटीएफमधली फॉन्टांची यादी मानणारा असावा. नुसता मजकूर गाळून दाखवणारा नको. लिहिण्याची सोय विकत घ्यायला सांगणे एक वेळ समजून घेता येईल, पण आपलेच जुने लिखाण वाचण्यासाठी पैसे किंवा खाते मागणे समजून घेता येत नाही.

४. वर्डपॅड का काढले याचे कारण जाहीर करावे. सुरक्षा असेल तर तसे सांगावे, खर्च असेल तर तसे सांगावे.

५. यापुढे विंडोजसोबत येणारा कोणताही प्रोग्राम काढायचा असेल, तर तो वापरणाऱ्याला त्या प्रोग्राममध्येच, त्याने निवडलेल्या भाषेत, काढण्याच्या किमान वर्षभर आधी सूचना मिळावी, आणि त्याच्या फाइली दुसऱ्या कशात न्यायच्या व कशा न्यायच्या हे तिच्यात लिहिलेले असावे. विंडोजचे मेनू आपण मराठीत देता. ही सूचना मराठीत देणे त्याहून अवघड नाही.

यातली तिसरी मागणी सर्वांत तातडीची आहे. विंडोज १०वरचे संगणक रोज बदलले जात आहेत, जुने भंगारात किंवा दुरुस्तीवाल्याकडे जात आहेत, आणि ज्या फाइली कोणाला उघडता आल्या नाहीत त्या नव्या संगणकावर उतरवून घेण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली विश्वासू,
महाराष्ट्रातील एक मराठी टंकलेखिका